सात नंबरची आंघोळ

सिस्टर कुत्र्याला आंघोळ घालताना शिव्या द्यायच्या. मोठ्यानं नाही, पुटपुटत, एका लयीत. "मर मेल्या. मरत काहून नाहीस? माह्या जीवाले काय घोर लावला रे." आणि हे चाललेलं असताना त्यांची बोटं त्याच्या कानामागचा केसांचा गुंता इतक्या हळुवारपणे सोडवत असायची की त्या थोराड कुत्र्याचे डोळे मिटायचे आणि मान त्यांच्या गुडघ्यावर टेकायची. मान टेकली की त्या आणखी एक शिवी द्यायच्या.

अमरावतीला राजापेठेत एका गल्लीत त्यांचं घर होतं आणि वरची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. मी एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. सिस्टर सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवरा कधीच गेलेला. गल्लीतली म्हातारी माणसंसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणत. चार वर्षांत त्यांना नावानं हाक मारणारं कोणी मला भेटलं नाही.

कुत्रा त्यांचा नव्हता. त्यांचा मुलगा अकोल्याला असतो, तिथं त्याचं औषधांचं दुकान आहे. त्यानं हौसेनं लांब सोनेरी केसांचं पिल्लू विकत आणलं. पिल्लू मोठं झालं, फ्लॅटभर केस उडायला लागले, सुनेला शिंका सुरू झाल्या. मग एक दिवस तो कुत्र्याला आईकडे घेऊन आला आणि म्हणाला, "आठ दिवस ठेव." मी राहायला गेले तेव्हा त्या आठ दिवसांना तीन वर्षं झाली होती. अकोला काही दूर नाही, गाडीनं दोन तास. पण मुलगा दिवाळीला यायचा आणि अधूनमधून फोन करायचा. फोनवर तो कुत्र्याची चौकशी करायचा नाही आणि सिस्टरही काही सांगायच्या नाहीत.

मुलानं त्याला काहीतरी ऐटबाज इंग्रजी नाव ठेवलं होतं. सिस्टर त्याला 'सात नंबर' म्हणायच्या. सुरुवातीला मला ते विचित्र वाटलं. एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "वॉर्डात सात नंबरची खाट खिडकीजवळ होती. ज्याले भेटाले कोनी येत नसे, त्याले तिथं ठेवत. आन् पेशंटले नावानं हाक मारू नये, पोरी. नावानं माया लागते. माया लागली का सुई देतानी हात हालते."

माझं माहेर भाजीपाला पिकवणाऱ्यांचं. आमच्या मळ्यातही कुत्री होती, पण त्यांना कुणी आंघोळ घातल्याचं मला आठवत नाही. पाऊस आला की ती भिजायची, एवढंच. त्यामुळे सिस्टरचा रविवार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा जिन्यातच उभी राहिले. नळ रोज येत नसे, म्हणून शनिवारीच तीन बादल्या भरून अंगणात झाकून ठेवलेल्या. एका बादलीत गरम पाणी मिसळून कोपरानं त्याची ऊब पाहिलेली. सिस्टरच्या अंगात जुना रबरी एप्रन. आधी कोरड्या अंगावरूनच कंगवा फिरवायचा, कारण गुंता भिजला की दोरखंडासारखा आवळतो. मग कानात कापसाचे बोळे. मग पाणी, तेही मागच्या पायांपासून. डोक्यावर तांब्या कधीच ओतायचा नाही, तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं. साबण निघून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं. शेवटी पायाच्या बोटांमधल्या बेचक्या कोरड्या करत गोचिडी शोधायच्या. सापडली की चिमट्यानं मुळापासून काढून औषधाच्या पाण्यात टाकायची. सगळ्याला दीड तास लागायचा आणि त्या दीड तासात शिव्या थांबायच्या नाहीत.

उन्हाळ्यात लोक सांगायचे, सिस्टर, त्याचे केस भादरून टाका ना, किती उकडत असेल त्याला. सिस्टर म्हणायच्या, "तुमच्या घराचं छप्पर काढून पाहा बरं एकदा. गार वाटते का?"

एका मे महिन्यात पाण्याची फार ओढ होती. समोरच्या काकू फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मानसाले प्याले पानी नाही, आन् इथं कुत्र्याले शाम्पू चालू हाये. लाज वाटाले पायजे."

सिस्टरनी मान वर केली नाही. "तुमच्या घरचं पानी सांडलं का?"

"सगळ्यायचंच हाये न पानी!"

"मंग माह्या वाट्याचं मी कोनाले घालाव, हे मी ठरवतो."

काकू तोंड वाकडं करून गेल्या. मला मात्र नंतर कळलं की सिस्टर आठवड्याचे तीन दिवस स्वतः आंघोळच करत नव्हत्या, ओल्या टॉवेलानं अंग पुसून घेत होत्या. त्यांच्या वाट्याचं म्हणजे अक्षरशः त्यांच्या वाट्याचं. हे त्यांनी काकूंना सांगितलं असतं तर भांडण तिथंच मिटलं असतं. पण त्यांना भांडणं मिटवायची सवय नव्हती. गल्लीत त्यांचं कुणाशी पटत नसे. हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. रात्रीबेरात्री कुणाचं सलाइन लावायचं असलं, कुणाची जखम बांधायची असली की मात्र लोक दार वाजवायचे, आणि त्या जायच्या. जाऊन त्या घरातल्या माणसांना इतकं बोलायच्या की पुढे दोन महिने त्यांच्याकडे कुणी पाहत नसे.

मला एकदा भयंकर ताप आला. दोन दिवस मी वर पडून होते. तिसऱ्या दिवशी सिस्टर जिना चढून आल्या, कपाळावर हात ठेवला आणि काही न विचारता खाली जाऊन बादली, कापड आणि चादर घेऊन आल्या. माझे कपडे काढायला लागल्या तसं मी अंग चोरलं.

"लाजू नोको. हजारो मानसं धुतली मी. सगये सारखेच असतात. घान तेवढी निरायी असते."

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पुसून काढलं. मानेखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ. माझ्या आईनं केलं असतं तर मध्ये मध्ये रडली असती, माझ्या केसांवरून हात फिरवला असता. सिस्टरनी तसलं काही केलं नाही. नवव्या दिवशी ताप उतरला तेव्हा म्हणाल्या, "उद्यापासून तुही बादली तू भर." मी आभार मानायला लागले तर त्या जिना उतरूनही गेल्या होत्या.

हे सगळं मी सांगते आहे, कारण पुढे मी जे केलं ते यानंतर केलं.

मार्चमधला एक रविवार. मी वर पेपर तपासत होते. खाली काहीतरी धप्पकन आपटल्याचा आवाज आला. धावत गेले तर सिस्टर अंगणातल्या साबणाच्या पाण्यात एका कुशीवर पडलेल्या, एक पाय विचित्र वळलेला, चेहरा पांढराफटक. कुत्रा फेसानं माखलेला, त्यांच्या डोक्याशी उभा राहून थरथरत होता. मी त्यांना उचलायला वाकले.

"मले हात लावू नोको," त्या दात आवळून म्हणाल्या. "खुबा मोडला. मले समजते. आधी त्याच्या अंगावरचा साबन धू."

"सिस्टर, मी ॲम्ब्युलन्स..."

"फोन कर आन् ती येईलोक त्याले धू. वायला साबन तं खाज सुटन त्याले, अंग फोडून घेईन. पाठीमागून घाल पानी. तोंडावर नोको!"

मी फोन केला आणि कुत्र्याला धुतलं. त्या तशाच जमिनीवर पडून मला सांगत होत्या, पोटाखाली राहिला बघ, शेपटीखाली राहिला. मध्येच वेदनेनं त्यांचा श्वास अडकायचा. मग त्याला म्हणायच्या, "मेल्या, तुह्यापायी मरतो मी." ॲम्ब्युलन्सची माणसं फाटकातून आत आली तेव्हा शेवटची बादली संपत होती.

ऑपरेशन झालं. मुलगा आला, चार दिवस थांबला आणि त्यांना घेऊन अकोल्याला गेला. कुत्रा माझ्यावर सोपवला. "आठ-पंधरा दिवस बघा मॅडम," तो मला म्हणाला.

मी पाहिलं, पण कसं, ते मला माहीत आहे. मुलांच्या मेडिकल प्रवेश परीक्षा तोंडावर होत्या, सकाळी सहापासून क्लास. कुत्रा दिवसभर अंगणात बांधलेला. आधी दोन दिवस जेवला नाही, मग संध्याकाळी रडायला लागला. काकू फाटकाशी येऊन बोलून जायच्या. मी त्याला भाकरी-दूध घालायची, सकाळी एक फेरी मारून आणायची आणि सुटायची. तीन रविवार गेले, मी त्याला आंघोळ घातली नाही. त्याच्या अंगाला वास येऊ लागला. केसांचे गोळे झाले. सिस्टर अकोल्याहून फोन करायच्या, "आंघोय घातली का?" मी म्हणायची, हो सिस्टर, घातली.

चौथ्या शनिवारी मुलाचा फोन आला. "मॅडम, आईला आता हे झेपणार नाही. माझ्या मित्राची शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग आहे. मोकळी जागा आहे, मजेत राहील तो. उद्या येतो मी. आईला एवढ्यात सांगू नका, बीपी वाढतं तिचं."

मला बरं वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, अंगावरचं ओझं उतरल्यासारखं बरं वाटलं.

रविवारी सकाळी मी कुत्र्याला आंघोळ घातली. सिस्टरचा एप्रन चढवला, कानात कापूस घातला, सगळं अगदी त्यांच्या पद्धतीनं केलं. दोन तास कंगवा घेऊन बसले. कुत्र्यानं माझ्या गुडघ्यावर मान टेकली. उन्हात तो वाळला तेव्हा त्याचं अंग चकाकत होतं.

अकरा वाजता पांढरी गाडी आली. मुलानं हाक मारली, ओढून पाहिलं, पण कुत्रा त्याच्या हाती लागेना. पट्टा निघून हातात आला. तो पट्टा मुलानं व्हरांड्यातल्या खुंटीवर अडकवला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं ऐकेल. तुम्हीच बसवा." मग मी स्वतः गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. कुत्रा माझ्यामागे चढला. मी दुसऱ्या बाजूच्या दारातून उतरले आणि दार लावलं. गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेतून माझ्याकडे पाहत होता.

पट्टा खुंटीवर होता. कंगवा, जेवणाची ताटली, पोत्याचं अंथरूण, सगळं जिथल्या तिथं होतं. मुलानं त्यातलं काही मागितलं नाही. मी हे पाहिलं. पाहून वर गेले आणि पेपर तपासायला बसले.

सिस्टरचे फोन येतच होते, आणि मी 'हो, घातली' म्हणतच होते. आणखी दोन आठवड्यांनी सिस्टर परत आल्या. मुलगा नको म्हणत असताना, हट्टानं, वॉकर घेऊन. भाड्याच्या गाडीतून उतरून फाटकाशी उभ्या राहिल्या आणि अंगणाकडे पाहत म्हणाल्या, "सात नंबर कुठं हाये?"

मी बागेचं सांगितलं. शेंदूरजनाघाट, मित्र, मोकळी जागा. त्या ऐकत होत्या. मग वॉकर टेकत टेकत व्हरांड्यात गेल्या आणि खुंटीसमोर थांबल्या.

"पट्टा इथंच हाये."

मी त्यांची पिशवी खाली ठेवली.

"कुत्रं बागेत ठेवाले नेलं, तं पट्टा काहून नाही नेला? ताटली काहून नाही नेली? तू नर्स नाहीस, पन डोये तं हायेत न तुले?"

त्यांनी खुर्चीत बसून मुलाला फोन लावला, माझ्यासमोरच, स्पीकरवर. आवाज अजिबात चढवला नाही. पेशंटची माहिती घ्यावी तसं एकेक विचारत गेल्या. मित्राचं नाव काय? त्याचा नंबर दे. बागेत विहीर हाये का? कुत्र्यानं काल काय खाल्लं? पलीकडून आधी हं-हं झालं, मग चिडणं झालं. शेवटी मुलगा म्हणाला, "आई, तिवशाच्या पुढं एका ढाब्यावर सोडला. तिथं खायला भरपूर असतं. आता तू तुझी तब्येत बघ."

सिस्टरनी फोन बंद केला. मला म्हणाल्या, "उद्या सकायी गाडी सांग."

गाडीत मागच्या सीटवर त्या आडव्या होऊन बसल्या, शेजारी वॉकर. नागपूर रोडला दीड तास त्या रस्त्याच्या कडेची कुत्री पाहत होत्या. तिवशाच्या पुढे तिसऱ्या ढाब्यावर भट्टीजवळचा माणूस म्हणाला, "हो, हाये न. लय केसाचं कुत्रं. पांढरी गाडी आली का धावते, काचेतून पायते आन् वापस येऊन पडते. दोन डाव मरता मरता वाचलं."

तो मागच्या बाजूला एका मोडक्या ट्रॉलीखाली होता. मी त्याला आधी ओळखलंच नाही. अंगावर चिखल आणि तेलाचं कवच झालेलं, त्यात काटे, कुसळं. कानांत गोचिडी द्राक्षांच्या घोसासारख्या. मी हाक मारली तसा तो आणखी आत सरकला. मग सिस्टर वॉकर टेकत आल्या. त्यांना खाली वाकता येत नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मेला नाहीस न अजून? चाल." तो पोटावर सरपटत बाहेर आला आणि त्यांच्या पावलांवर तोंड ठेवून पडला.

घरी आणल्यावर केस कापण्यावाचून इलाज नव्हता. सिस्टर स्टुलावर बसल्या, पाय लांब करून, कात्री घेऊन. चार तास लागले. केसांचे गठ्ठे पडत गेले आणि आतून एक हाडकुळं, गुलाबी, ठिकठिकाणी सोललेलं जनावर निघत गेलं. त्या दिवशी त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या तोंडून एकही शिवी न येता कात्रीचा आवाज ऐकत राहणं मला सोसवेना. त्यांचा हात थकलेला पाहून मी कुत्र्याला धरायला पुढे झाले. माझा हात त्याच्या पाठीला लागला मात्र, त्याचं सगळं अंग आखडलं आणि त्यानं अंगणातच मुतलं.

सिस्टरनी माझं मनगट धरून बाजूला केलं.

"नोको. गाडीत बसवला तो हाच हात हाये. त्याले वास माहीत हाये."

"सिस्टर, मला खरंच वाटलं होतं की बागेत..."

"तुले वाटलं नव्हतं. तू इचारलं नाही." त्या पुन्हा कात्री चालवू लागल्या. थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "एक तारखेले खोली खाली कर."

मी केली. राजापेठेतच दुसऱ्या टोकाला राहायला गेले. सिस्टर आता स्टुलावर बसून, नळाला रबरी पाइप लावून कुत्र्याला आंघोळ घालतात, असं मला काकू भाजी घेताना सांगायच्या. पाणी वाया जातं म्हणायच्या. हिवाळ्यात कुत्रा मेला. तेव्हा त्याच्या अंगावर केस निम्मेच आले होते, हेही काकूंनीच सांगितलं. मी भेटायला गेले नाही. दोन वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. पुढे सिस्टर पुन्हा एकदा पडल्या आणि मुलगा येऊन त्यांना कायमचा अकोल्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी अकोल्याला गेले होते. का कोण जाणे, पत्ता विचारत विचारत त्यांच्या फ्लॅटवर गेले. मुलानंच दार उघडलं. ओळखलं, "या मॅडम" म्हणाला, आणि टीव्हीसमोर जाऊन बसला.

सिस्टर बाल्कनीत खुर्चीवर होत्या. त्यांचे केस कापले होते. शाळेतल्या मुलाचे असतात तसे, कानाच्या वर, मागून मशीन फिरवलेले. चार वर्षं मी त्यांचा घट्ट अंबाडा पाहिला होता. सून ट्रेमध्ये पाणी घेऊन आली, माझी नजर पाहून म्हणाली, "धुवायला फार वेळ लागायचा हो. आणि त्यांना बसवत नाही तेवढा वेळ." ती काही वाईट बाई नव्हती. थकलेली होती.

मी सिस्टरच्या समोर खाली बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, ते कळेना. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले.

"नखं वाढली. ही लय खोल कापते. रगत येते."

सुनेनं नेलकटर आणून दिलं. मी वर्तमानपत्राचा कागद मांडीवर पसरला आणि त्यांचं एकेक बोट हातात घेऊन नखं कापू लागले. हात सुकलेले, पण बोटं अजून तशीच लांब होती. त्यांनी हात आखडला नाही. मी मान खाली घालून कापत होते आणि मला वाटत होतं की त्या काहीतरी बोलतील. काहीही, एखादी शिवीसुद्धा चालली असती.

दहावं नख झाल्यावर त्यांनी हात मागे घेतले, उलटसुलट करून पाहिले. मग सुनेकडे वळून, मुलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे पोरगी माह्याकडं भाड्यानं राहे. लय गुनाची हाये. ज्यानं जे सांगतलं, ते करते."

मुलानं टीव्हीचा आवाज वाढवला. मी कागदाची पुडी वळली आणि कचऱ्याचा डबा कुठे आहे, असं सुनेला विचारलं.